पाहुणी म्हणून सात रात्री: जळगाव, धुळे आणि मध्ये आखाजी

प्रश्न: मी पनवेलची, वय २७, एकटीच फिरते. एप्रिलमध्ये पहिल्यांदाच खानदेशात येतेय. जळगावला ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या आईवडिलांकडे ५ रात्री आणि मग धुळ्याला मामांच्या जुन्या मित्राकडे २ रात्री असं ठरलंय. मैत्रीण स्वतः पुण्यातच असणार. काकूंनी फोनवर सांगितलं, ‘आखाजीलाच ये, आणि हॉटेलचं नाव काढायचं नाही.’ मला तिखट झेपत नाही. इतके दिवस फुकट राहायचं अवघड वाटतं, पैसे द्यावे तर अपमान होईल अशी भीती वाटते. अजिंठा आणि जमलं तर पाटणादेवी बघायची आहे. लोक इतकं करतात तेव्हा पाहुण्यानं वागावं कसं?

उत्तर: आधी आखाजीचं बघू, कारण तुमचं सगळं वेळापत्रक तिथे अडकतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण खानदेशात हा सण लेकींचा. सासरी गेलेल्या मुली लेकराबाळांसकट माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, मातीची घागर भरून पितरांची पूजा होते. म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत घरातली प्रत्येक गादी कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागलेली असते. काकूंचं बोलावणं मनापासूनचं आहे यात शंका नाही, फक्त बोलावताना त्यांनी गाद्या मोजलेल्या नाहीत. त्या मोजायचं काम तुमचं. हा प्रश्न काकूंना विचारू नका, त्या ‘जागा भरपूर आहे’ असंच सांगतील. मैत्रिणीला विचारा: आत्या येणार का, बहिणी किती, कूलर किती खोल्यांत आहे. दोनपेक्षा जास्त लेकी येणार असतील तर आदल्या आणि त्या रात्रीपुरती स्टेशनजवळ खोली घ्या आणि काकूंना सांगा, ‘जेवायला सकाळीच येते, झोपायला तेवढी नाही.’ हे चालून जातं. त्या दिवशी ताटावर तुम्ही असणं महत्त्वाचं, गादीवर असणं नाही.

आखाजीला पितरांना आगारी टाकल्याशिवाय, म्हणजे विस्तवावर नैवेद्याचा घास वाहिल्याशिवाय, घरातलं कुणी जेवत नाही. पंगत बसेपर्यंत एक-दीड सहज वाजतो, म्हणून दहाच्या सुमारास दोन केळी खाऊन घ्या. नंतर पानात येतात खापराचे मांडे: पुरण भरून हातावर झेलत मोठे केलेले आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजलेले. सोबत आमरस, सार, कुरडई, भजी. मांड्याचा आकार बघून घाबरू नका, पण पहिल्या वाढीलाच ‘अर्धा’ म्हणा. मांडा करून बघायची हौस असली तर शेवटचे दोन उरेपर्यंत थांबा. नवख्या हाताखाली पारी फाटते, पुरण खापरावर सांडून जळतं, आणि त्यावर पुढचे मांडे चिकटतात.

आता ५ रात्रींचं. एका घरात सलग पाच रात्री जास्त होतात, आणि कारण खर्चाचं नाही. पहिल्या दिवशी शेवभाजी, दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी, तिसऱ्या दिवशी त्या घराला खिचडी-कढीवर यायचं असतं; पाहुणा समोर असेपर्यंत काकूंना ते जमत नाही. म्हणून मुक्काम मधून तोडा: दोन रात्री घरी, एक रात्र फर्दापूरला, परत दोन रात्री घरी. मोठी बॅग घरीच ठेवा, म्हणजे ‘निघून चालली’ असं कुणाला वाटत नाही आणि घराला एक दिवस मोकळा मिळतो. फर्दापूरला पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे. तिथून सकाळी पहिल्या गर्दीतच अजिंठ्याला पोचता येतं. उन्हाळ्यात हे जळगावहून ६० किलोमीटर येऊन भर दुपारी लेणी चढण्यापेक्षा कितीतरी बरं.

अजिंठा सोमवारी बंद असतो. दिवस ठरवताना एवढं एक चुकलं तरी अख्खा बेत वाया जातो. खासगी गाडी फाट्यावरच थांबते, पुढचे ४ किलोमीटर तिथल्या बसने. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि एप्रिलच्या उन्हात बाहेरचा दगड तव्यासारखा तापतो. जाड पायमोजे आणि चटकन निघतील अशा चपला घ्या. काका ‘मी पण येतो’ म्हणतील. साठीच्या पुढचे असतील तर पायऱ्यांचं आधीच सांगा. लेण्यांपाशी डोलीवाले असतात, पण काका डोलीत बसायला तयार होणार नाहीत, हे धरूनच चाला. पाटणादेवीला या खेपेस जाऊ नका. चाळीसगावहून पुढे १८ किलोमीटर, सोबत सामान, एप्रिलमध्ये रान वाळलेलं आणि धबधबे कोरडे. ती पावसाळ्यातली जागा आहे.

यजमानाला सगळ्यात जास्त दमवते ती अनिश्चितता: पाहुणी कधी येणार, जेवून येणार की उपाशी, नक्की जाणार कधी. हे तुम्ही आधी कळवलंत तर निम्मं ओझं उतरतं. मुंबईहून संध्याकाळी सुटणाऱ्या नागपूर-अमरावतीकडच्या बहुतेक गाड्या जळगावला मध्यरात्रीनंतर पोचतात. तुम्ही ‘रिक्षानं येईन’ म्हटलं तरी काका रात्री दोनला स्टेशनवर उभे असणारच. भर दुपारची गाडीही नको, तेव्हा ते ४३ अंशांत स्कूटर काढतील. कल्याणहून अकरा-बाराच्या सुमाराची गाडी घेतलीत तर सहाएक तासांत, ऊन उतरता उतरता पोचाल. मग निघायच्या दोन दिवस आधी एकच निरोप: ‘काकू, मंगळवारी संध्याकाळी सहाला पोचते. दुपारचं जेवण गाडीत होईल. तिखट कमी खाते. गुरुवारी फर्दापूरला मुक्काम, रविवारी दुपारी एकला धुळ्याला निघणार.’ जायचा दिवस पहिल्याच निरोपात असू द्या. मागाहून सांगितलात तर ‘आमचं काही चुकलं का’ अशी शंका येते.

तिखटाचंही त्याच निरोपात का, तर रश्शात पडलेलं तिखट नंतर काढता येत नाही. भाजलेलं कांदा-खोबरं, काळा मसाला आणि वर तर्री अशी शेवभाजी असते. ताटावर बसून ‘मला झेपत नाही’ म्हटलं की काकू उठून दुसरी भाजी टाकायला जाणार आणि त्यांचं जेवण थंड होणार. वेगळा स्वयंपाक मागू नका. ‘वरणाला फोडणी द्यायच्या आधी माझी एक वाटी काढून ठेवा’ एवढं सांगा. तरी कधी तोंड पोळलंच तर पाण्याचा तांब्या उचलू नका. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं तो तोंडभर पसरतो. दही, दूध, नाहीतर तुपाचा घास घ्या. तूप तर ताटात असतंच.

शेवभाजीचं आणखी एक. जाड तिखट शेव रश्शात आयत्या वेळी टाकतात. ‘जेवायला चल’ अशी हाक आली आणि तुम्ही दहा मिनिटं फोनवर राहिलात तर शेवेचा लगदा होतो. हाक आली की उठा.

आग्रहाशी भांडू नका, त्याचा हिशोब समजून घ्या. रिकामं ताट म्हणजे ‘अजून हवंय’, पोट भरलं असो वा नसो. म्हणून पहिली वाढ निम्मीच घ्या, म्हणजे दुसऱ्या वाढीला ‘हो’ म्हणता येतं; वाढणाऱ्याला ते ‘हो’ ऐकायचं असतं. शेवटचा घास ताटात ठेवून बोलत बसा, वाढणं थांबलं की तो संपवा. भात नाहीतर खिचडी शेवटी येते, तिच्यासाठी जागा राखा. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली, पोळीपेक्षा जड असते. सुरुवातीला चतकोरच मागा. बट्टीचं तर विचारूच नका: उकडून तळलेली बट्टी, त्यावर वरण, त्यावर तूप, शेजारी वांग्याची घोटलेली भाजी. दोन बट्ट्यांत माणूस आडवा होतो. त्या दिवशी दुपारचा कुठलाही बेत ठेवू नका. ताटात जास्त पडलं तर हात लावायच्या आधीच परत काढून द्या, उष्टं झाल्यावर ते कुणाच्या कामाचं नाही. आणि ज्या दिवशी बाहेर जेवणार असाल ते आदल्या रात्रीच सांगा. पुरण-बट्टीची तयारी आदल्या दिवसापासून असते. सकाळी दहाला सांगणं म्हणजे उशीरच. संध्याकाळचं सहाच्या आत कळवा, नाहीतर ते दोघं साडेनऊपर्यंत तुमच्यासाठी खोळंबतील.

घरातलं वागणं उन्हाळ्याच्या मानानं ठेवा. बाहेरची कामं साडेसहा ते अकरा आणि मग पाचनंतर. मधल्या वेळात एकट्या निघालात तर काकू दारातच बसून राहतील. कूलरचं समजून घ्या. पंखा आणि पाण्याचा पंप यांची बटणं बहुधा वेगळी असतात. समोरची खिडकी थोडी उघडी हवी; सगळं बंद केलं की खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि अंग चिकट होतं. मोठ्या पत्र्याच्या कूलरच्या टाकीत चार-पाच बादल्या पाणी बसतं. झोपण्यापूर्वी ती भरली नाही तर पहाटे तीनला गरम वारा सुरू. भरताना प्लग काढूनच. पत्र्याचा कूलर आणि ओला हात यांनी शॉक बसतो, चालू कूलरच्या पाण्यात बोटसुद्धा घालू नका.

पाण्याबाबत न विचारता काही करू नका. नळ रोज येतोच असं नाही. पहिल्याच दिवशी विचारा: नळ कधी येतो, पिण्याचं कुठलं, वापरायचं कुठलं. आंघोळ एका बादलीत. कपडे नळ आलेल्या दिवशीच धुवा, नाहीतर तुमच्या दोन ड्रेसपायी घराचा साठा खाली होतो. माठात ओगराळं असतं, त्यानंच पाणी घ्या, ओठाला लावलेला पेला माठात बुडवू नका. काका-काकूंनी तुम्हाला एसीची त्यांचीच खोली दिली तर एकदा ‘नको’ म्हणा, दुसऱ्यांदा घ्या. तीनदा नको म्हटलं की आपली खोली पाहुणीला पसंत नाही असा अर्थ निघतो.

एप्रिल हा वाळवणाचा महिना. गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया पसरलेल्या असतील. तिथे तुमचे ओले कपडे वर वाळत घालू नका, थेंब पडला की तेवढा बिबडा काळा पडतो. हात लावून मदत करायची तर हीच खरी जागा. बिबड्यांसाठी ज्वारी दोन-तीन दिवस भिजवलेली असते आणि घाटा, म्हणजे तिचं दाट पीठ, पहाटे ऊन चढायच्या आत शिजवून ओल्या कापडावर घालतात. घाटा हाटायचं काम घरच्या बाईकडेच राहू द्या, त्याचा अंदाज वर्षानुवर्षांचा असतो. तुम्ही कापडाची टोकं धरा, दगड ठेवा, संध्याकाळी काढायला बसा. कापड उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबडे सुटतात, कोरडं ओढलं की तुटतात. पोळ्या लाटायची मदत तुम्हाला पहिल्या दिवशी कुणी करू देणार नाही. गच्चीवर मात्र कुणी अडवत नाही.

आता पैसे. हातात देऊ नका, उशीखाली ठेवू नका. उशीखालचं पाकीट तर फार वाईट, काकू ते परत करायला मैत्रिणीला पुण्याहून पिटाळतील. खर्च उचलायच्या जागा वेगळ्या आहेत. काकांची स्कूटर वापरलीत तर वापरल्यापेक्षा जास्त पेट्रोल भरा: ६० किलोमीटर फिरलात तर दीड लिटरच्या आत जातं, दोन भरा, आणि गाडी देताना बोलून दाखवू नका. एकत्र गाडी करून गेलात तर भाडं आधीच विचारून ड्रायव्हरला वाटेतल्या चहाच्या थांब्यावर द्या. घरापाशी पोचल्यावर काका तुम्हाला पाकीट काढू देणार नाहीत. येताना संध्याकाळी चार-पाच किलोचं टरबूज, एखाद्या रात्री सगळ्यांना आइस्क्रीम. घरात नातवंडं असतील तर निघताना आजीसमोर ‘खाऊला’ म्हणून शंभर-दोनशे. भांडीवाल्या मावशींना काही द्यायचं तर काकूंना विचारूनच.

पनवेलहून पेढे-बर्फी आणू नका, त्या उकाड्यात खवा टिकत नाही. अर्धा किलो आमसुलं, एक बाटली कोकम आगळ, किलोभर कुळीथ पीठ असं आणा. यातलं फारसं काही तिथल्या रोजच्या स्वयंपाकात नसतं. पण कसं वापरायचं ते सांगा, नाहीतर डबा माळ्यावर जातो. आगळ एक भाग, पाणी सहा भाग, साखर-मीठ चवीनं, असं सोपं सांगा. हापूस आणायचा तर कडक, हिरवाच घ्या. पिकत आलेला आंबा गाडीतल्या उष्म्यात एका दिवसात उतरतो.

धुळ्याला जळगावहून एसटीनं जा. एरंडोल-पारोळ्यावरून साधारण ९५ किलोमीटर, अडीच तास धरा. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. रेल्वेनं धुळ्याला जायचं तर चाळीसगावहून फाटा पकडावा लागतो, तो वळसा कशाला? पेठेतले पत्ते गल्लीच्या क्रमांकांनी असतात. ‘गल्ली नंबर’ न विचारता निघालात तर मामांचे मित्र उन्हात कोपऱ्यावर उभे राहतील. ‘जुने धुळे’ हा वेगळाच भाग आहे, देवपूर पांझरेच्या पलीकडे. रिक्षावाल्याला नीट सांगा.

हे घर वयस्कर जोडप्याचं असेल तर जळगावचं गणित इथे उलटं करा. इथे खाऊन नाही, खायला घेऊन जा. जेवणाच्या वेळेआधी पोचू नका, दुपारी चारला पोचा. भाजी निवडून, चिरून द्या, रात्री साडेनऊला दिवा मालवा. त्यांना काय म्हणायचं ते मामांना विचारा. आप्पा, नाना, बापू यांपैकी घरची मुलं जे म्हणतात तेच म्हणा, ‘अंकल’ नको. सकाळी साडेसहाला लळिंगचा किल्ला, उन्हं तापायच्या आत परत, आणि मग राजवाडे संशोधन मंदिर. आजींनी अहिराणीत ‘आखो ल्या’ (आणखी घ्या) म्हटलं आणि खरंच पोट भरलं असेल तर ‘पोट भरी गयं’ म्हणा. त्या हसतील, आणि हसता हसता हात थांबतो. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

निघायच्या दिवशी तासभर जास्त धरा. शेजारच्या दोन घरी चहा होईल, ‘अर्धा कप’ म्हणायला शिका. काकू ओटी भरतील: नारळ, गहू किंवा तांदूळ, ब्लाउजपीस. ओढणीत घ्या, वाकून नमस्कार करा, ‘कशाला’ म्हणू नका. बॅगेत चार-पाच किलोची जागा रिकामी ठेवून या, कारण केळीचे वेफर्स, बिबडे, काळा मसाला हे आधीच बांधून ठेवलेलं असतं. मसाला दुहेरी पिशवीत, कपड्यांपासून लांब. गादीवरची चादर घडी करून ठेवा आणि उशीचा अभ्रा काढू का ते विचारा. पोचल्यावर त्याच रात्री फोन करा, मेसेज नको. काकांना तुमचा आवाज ऐकूनच झोप लागेल.

प्रवासाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मिळेल, बहुधा स्टीलच्या डब्यात. दुधात मळलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही चांगल्या राहतात. डब्याच्या बुडाला नाव कोरलेलं असेल, म्हणजे तो घरातला मोजका डबा आहे. घासून ठेवा आणि मैत्रीण सुट्टीला घरी जाईल तेव्हा तिच्या हाती पाठवा, आत मूठभर का होईना पण काहीतरी घालून. डबा रिकामा परत करत नाहीत.